शेंदराची रेघ

माझ्यासमोर कोणी देवाची शपथ घेऊ लागलं की मी उठून पाणी प्यायला जातो. घरच्यांना हे माझं खूळ माहीत आहे. नवीन माणसाला वाटतं, म्हाताऱ्याला तहान फार लागते. मीही कुणाला सांगत बसत नाही. आज सांगतो, कारण ज्यांच्यासमोर सांगायला लाज वाटावी अशी माणसं आता राहिली नाहीत.

तारापूरला वीज केंद्राचं काम जोरात सुरू झालं, तेव्हाची ही गोष्ट. तोवर बोईसर स्टेशन म्हणजे गवताच्या गाठी आणि त्यांवर बसलेले कावळे. बघता बघता तिथे लॉऱ्या, जीपगाड्या, खडीचे ढीग आणि देशभरची माणसं येऊन पडली. मी राहायला उमरोळीला, आणि माझी शेड पालघरला, एका भातगिरणीच्या मागच्या अंगाला. शेड म्हणजे चार खांब, वर पत्रे आणि तेलाने काळी झालेली जमीन. मुंबईत एका गॅरेजात काही वर्षं शिकून आलो होतो आणि हाताला बरं नाव होतं. फक्त जागा माझी नव्हती. गिरणीवाल्याला गोदाम वाढवायचं होतं आणि पावसाळ्याआधी शेड हलव असं त्याने स्वच्छ सांगितलं होतं.

शेडमध्ये माझ्याबरोबर आणखी एकजण असायचा. त्याला मी भागीदार म्हणायचो, आई मुलगा म्हणायची. तो साताऱ्याकडचा. खडीच्या लॉरीवर क्लीनर म्हणून आला होता. लॉरी आमच्या घरासमोर बंद पडली, ती दुरुस्त करता करता याचं ड्रायव्हरशी वाजलं, आणि लॉरी गेली तरी हा ओट्यावर बसून राहिला. आईने तांदळाची भाकर आणि सुकट वाढली. घाटावरच्या माणसाला सुकटीचा वाससुद्धा सोसत नाही, पण याने नाक न मुरडता ताट चाटून साफ केलं. तिथेच आई विरघळली.

"रावदे त्याला," ती म्हणाली. "माज्या दुसऱ्या पोरासारका हाय."

तो राहिला. माझ्याकडचं काम त्याने भराभर उचललं, आणि खोटं कशाला बोलू, हात चांगला होता. घाई तेवढी फार. कुठलाही नट तो एक फेरा जास्तच आवळायचा.

मग आली ती गाडी. तारापूरच्या अलीकडे एका वाडीत एक वयस्क बागाईतदार राहायचे. चिकू, नारळ, विड्याची पानं, सगळं भरपूर. गावात सगळे त्यांना काका म्हणत, मीही काकाच म्हणायचो. त्यांनी कुठल्याशा संस्थानिकाच्या मोडीत निघालेल्या गाड्यांतून एक जुनी विलायती गाडी आणली होती. दोनच माणसं बसतील अशी, हिरवी, बॉनेटला चामडी पट्टे, आणि पुढच्या जाळीखाली डबीसारखा एक गोल तुकडा. तो होता सुपरचार्जर. साधं इंजिन आपल्या ताकदीने हवा ओढतं. इथे तो तुकडा इंजिनाच्याच जोरावर फिरायचा आणि हवा-पेट्रोल आत कोंबायचा. लोहाराच्या भात्याची आठवण होऊन आम्ही त्याचं नाव भाता ठेवलं.

ती गाडी काकांच्या वाडीत कितीतरी दिवस झावळ्यांखाली पडून होती. मुंबईच्या दोन मेकॅनिकांनी हात टेकले होते. सपाटीवर धावायची, पण चढाला लागली की खोकायची. काकांच्या डोक्यात एकच भूत बसलेलं. पालघरहून मनोरकडे जाताना वाघोबाची खिंड लागते, ती या गाडीने टॉप गिअरमध्ये, न खोकता चढायची, आणि चालवणार स्वतः काका.

"तुमी दोगांनी ह्या घोडीला खिंड चढवली," काका म्हणाले, "तर बोईसरला स्टेशनाच्या रस्त्यावर माजा तुकडा पडलेला हाय. तितं शेड घाला. मी नाय उठवणार तुमाला."

त्या तुकड्यावर शेड म्हणजे काय, हे पावसाळ्याआधी रस्त्यावर येणाऱ्या माणसालाच कळेल. सगळ्या लॉऱ्या तिथूनच जाणार होत्या. मी तर मनातल्या मनात तिथे गाडीखाली उतरायचा खड्डा खणून, त्याला सिमेंट लावून मोकळा झालो होतो.

गाडी शेडवर आणून आम्ही कामाला लागलो. कार्ब्युरेटरमध्ये एक निमुळती सुई असते, ती जितकी बारीक तितकं पेट्रोल जास्त जातं. भात्याच्या इंजिनाला चढावर पेट्रोल भरपूर लागतं, आणि ती सुई कुणा शहाण्याने काटकसरीची बसवलेली. मी ती झिरो पेपरने घासघासून बारीक केली. मग खिंडीत गाडी पूर्ण दाबून चढवायची, मध्येच इंजिन बंद करून थांबायचं आणि प्लग काढून बघायचे. प्लगचं टोक पांढरं म्हणजे पेट्रोल कमी, काजळी म्हणजे जास्त, चॉकलेटी म्हणजे जमलं. आमचे प्लग पांढऱ्यावरून चॉकलेटीवर आले तेव्हा आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला बसून लहान मुलांसारखे हसलो होतो. ते हसणं मला अजून ऐकू येतं आणि त्याचाच राग जास्त येतो.

राहिलं टायमिंग. इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडायची ते डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवून ठरवतात. ठिणगी लवकर पडली तर टायमिंग पुढे, उशिरा पडली तर मागे. या गाडीला ते चालता चालता बदलायची दांडी स्टिअरिंगवर होती, पण तिची तार संस्थानातच कुणीतरी काढून टाकलेली. म्हणजे एकदा बसवलं ते बसवलं. साध्या गाडीचं टायमिंग थोडं पुढे घेतलं की ती चपळ होते, ते खरं. पण भात्याच्या इंजिनात आधीच कोंबाकोंबी असते. त्यात आपलं तेव्हाचं पेट्रोल हलकं. ठिणगी लवकर पडली की ते जळत नाही, फुटतं. डब्यात सुके वाल हलवावेत तसा आवाज येतो. तो ऐकूनही पाय काढला नाही तर पिस्टनला भोक पडतं. हे मी त्याला एकदा नाही, रोज सांगत होतो.

"पर लई ढिली वाटतीया, मर्दा," तो म्हणायचा. "सपाटीवर बघ की, म्हशीवानी. काकांला काय दावायचं? जरा फुडं घे."

"काकांना सपाटी नको आहे. खिंड हवी आहे. भात्याचं इंजिन आहे, याला मागेच ठेवायचं."

"तुझा आपला एकच पाढा."

असं आमचं रोज चालायचं. शेवटी मी सिगरेटच्या पाकिटातला पातळ कागद डिस्ट्रिब्युटरमधल्या ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या फटीत धरून, हँडलने इंजिन हळूहळू फिरवून, कागद सुटायची जागा चारचारदा तपासली आणि टायमिंग मागे बसवून नट आवळला. खिंडीत नेली. गाडी टॉपमध्ये एका दमात वर गेली, वालाचा एकही दाणा वाजला नाही.

खिंडीत वाघोबाचं ठाणं आहे. तिथून जाणारी गाडी थांबते, ड्रायव्हर उतरून हात जोडतो, आणि आमच्याकडे दुरुस्त झालेली गाडी आधी त्याच्या पायाशी जायची. माझी स्वतःची एक रीत होती. वाघोबाचा शेंदूर मी डबीत भरून, भुईमुगाच्या तेलात कालवून शेडमध्ये देवाच्या फोटोपाशी ठेवायचो. टायमिंग नक्की झालं की डिस्ट्रिब्युटरपासून इंजिनापर्यंत एक आडवी रेघ ओढायची. कुणी डिस्ट्रिब्युटर हलवला तर रेघ तुटलेली दिसते, हा एक उपयोग. आणि दुसरा असा की देवाचा शेंदूर आहे म्हटल्यावर कुणी हलवतच नाही. आमच्या भागात कुलपापेक्षा शेंदूर पक्का. त्या दिवशी डबी बरोबर नेली होती, ठाण्यापाशीच मी रेघ ओढली आणि त्याला म्हटलं, आता हिला हात लावायचा नाही. त्याने वाघोबाच्या दगडावर हात ठेवला आणि म्हणाला, "आन हाय वाघोबाची. न्हाई लावत."

काका यायच्या दिवशी मी सकाळी स्टेशनावर त्यांना आणायला गेलो. तो शेडवर गाडी पुसत होता. आम्ही परत आलो तेव्हा बॉनेट बंद, पट्टे आवळलेले, गाडी आरशासारखी. तो म्हणाला, मी पुढं जातो, खिंडीत नारळ घेऊन थांबतो. मनोरला जाणाऱ्या एका लॉरीवर चढून तो निघूनही गेला. गाडीत तशीही दोघांचीच जागा होती. बॉनेट उघडून बघावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. रेघ होती, शपथ होती, आणि शेडवर माझा माणूस होता.

काका चालवत होते, मी शेजारी. पालघर मागे पडलं आणि गाडीने अशी उसळी घेतली की काकांची टोपी मागे उडाली. "वा रे पोरा!" काका ओरडले. मलाही बरं वाटलं. सकाळची गार हवा आहे, म्हणून आज हलकी चालते, असं मी स्वतःला सांगितलं.

चढ लागला. काकांनी पाय दाबला. पहिल्याच वळणावर डब्यातले वाल हलले.

"काका, पाय काढा!" मी ओरडलो. काकांना वाटलं मी जोश देतोय. त्यांनी आणखी दाबला. "पाय काढा म्हणतो ना! फुटेल इंजिन!" तेव्हा त्यांनी ऐकलं, पण तोवर त्यांची जिद्द पेटली होती. "आता नाय थांबायची घोडी," ते म्हणाले. मी हात घालून किल्ली बंद करेपर्यंत एक दणका बसला, गाडीतला जीव गेला आणि बॉनेटच्या फटीतून निळा धूर यायला लागला. वाघोबाचं ठाणं वरच्या वळणावर दिसत होतं.

मी पट्टे सोडून बॉनेट उघडलं. शेंदराची रेघ अखंड होती. अगदी सरळ, सुबक, ताजी. पण ती माझ्या जागेवर नव्हती. डिस्ट्रिब्युटर पुढे फिरवलेला होता. नट नेहमीसारखा एक फेरा जास्त आवळलेला. रेघेच्या बाजूला फडक्याने पुसलेल्या जुन्या शेंदराचा भगवा डाग होता. शेडमधल्या डबीत बोट घालून नवी रेघ कुणी ओढली, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तो नारळ हातात घेऊन वरून धावत आला. इथवर जे झालं ते मी सोसलं असतं. त्याने मुद्दाम इंजिन फोडलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. त्याला काकांच्या डोळ्यांत भरायचं होतं. गाडी सपाटीवर उसळावी, काकांनी "वा" म्हणावं, आणि मग त्याने मला दाखवावं, बघ, माझं खरं होतं. एवढाच पोरकटपणा. तो म्हणाला असता, चुकलो, तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती आणि दोघांनी मिळून पिस्टन बदलला असता.

काकांनी विचारलं, "काय झाला रे हा?"

त्याने इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि बोलायला लागला.

"म्या रोज सांगत हुतो, काका. भात्याचं इंजिन हाय, ह्याला मागंच ठेवायचं. फुडं घेतलं तर पेट्रोल जळत न्हाई, फुटतं. डब्यात वाल हलवल्यागत आवाज येतो. पर ह्यो ऐकंल तर ना! म्हनतो, काकांला सपाटीवर झोक दावायचा."

माझी वाक्यं. शब्दन् शब्द माझा. त्याच्या गावाकडे सुके वाल डब्यात ठेवतात की नाही देव जाणे. ते वाल माझ्या आईच्या डब्यातले होते. त्याने माझं खरं उचलून स्वतःच्या खिशात घातलं आणि स्वतःचं खोटं माझ्या हातात दिलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते मला त्या वळणावर समजलं. तोवर मी ते फक्त बोलण्यात वापरत होतो.

मी काय काय ओरडलो ते आता आठवत नाही. पुसलेला डाग काकांना दाखवला. काकांनी चष्मा लावून पाहिलं.

"शेंदूर तर तुजाच हाय," ते म्हणाले. "तुज्याशिवाय ही रेग कोण मारतो?" मग वर ठाण्याकडे बघत म्हणाले, "मला गाडीतला काय कळत नाय. वर चला. दोगं वाघोबावर हात ठेवा. जो खरा तो आण घेईल."

हे आमच्याकडे शेवटचं कोर्ट. त्यावर अपील नाही. आम्ही तिघं चढून ठाण्यापाशी गेलो. तो पुढे झाला. ज्या दगडावर हात ठेवून त्याने रेघेला न शिवण्याची आण घेतली होती, त्याच दगडावर, त्याच जागी त्याने हात ठेवला. "म्या टायमिंगला हात लावला न्हाई. वाघोबाची आन." शेंदूर लागलेली बोटं त्याने कपाळाला लावली.

"आता तू," काका मला म्हणाले.

आणि मी नाही म्हणालो.

माझं डोकं असं तापलं होतं की त्या दगडाकडे बघवत नव्हतं. त्याच्या हाताच्या शेजारी माझा हात? खोट्या शपथेवर खरी शपथ चढवायची आणि देवाने दोन्ही मोजत बसायचं? "ज्या दगडावर याने आत्ता खोटं ठेवलं, तिथे मी हात ठेवणार नाही," मी म्हणालो. मला वाटलं, यापेक्षा स्पष्ट काय बोलणार. मला वाटलं, काका समजतील.

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. ते वळून खाली गाडीकडे चालू लागले. खिंडीत थांबलेला एक बैलगाडीवाला आमच्याकडे बघत होता, त्याने मान हलवली. आण नाकारणारा माणूस खरा असतो, असं आमच्या भागात आजवर कुणी ऐकलेलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्यासी स्वतःच चालत फासापाशी गेला होता.

तो उतरताना माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "आन घ्यायची हुतीस, मर्दा. म्या काय बोललो नसतो." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी मला त्याच्या शपथेपेक्षा जास्त झोंबलं.

बोईसरचा तुकडा त्याला मिळाला. पावसाळ्याआधी तिथे पत्रे चढले. माझी शेड गिरणीवाल्याने मोडली आणि मी एका लाकडाच्या वखारीशेजारी, झाडाखाली पेटी मांडून बसलो. मला सगळ्यांत जास्त लागलं ते मात्र घरात. तो आमच्या ओट्यावरून आपली वळकटी घेऊन गेला, त्या दिवशी मी आईला सगळं सांगितलं. रेघ, डाग, नट, त्याने काकांना काय सांगितलं ते, सगळं. ती वाल सोलत होती. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"मंग तू आण का नाय घेतली?"

मी पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा तेच विचारलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याबद्दल तिच्या तोंडून एक वाकडा शब्द निघाला नाही. पुढे तो बोईसरहून सणावाराला तिच्या पाया पडायला यायचा, तेव्हा मी परसात जाऊन बसायचो. ती त्याला सुकट करून घालायची.

बऱ्याच काळाने, वीज केंद्राचं काम संपत आलं होतं तेव्हा, माझ्या झाडाखाली एक जीप आली. पंख्याचा पट्टा तुटला होता. बॉनेट उघडलं आणि माझे हात थांबले. डिस्ट्रिब्युटरपासून इंजिनापर्यंत शेंदराची आडवी रेघ. मी बोट लावून वास घेतला. भुईमुगाचं तेल.

"ये बोईसर के मिस्त्री ने मारा है," ड्रायव्हर म्हणाला. "बोला, इसको हाथ नहीं लगाने का. उधर सब गाडी में मारता है. उसका अपना तरीका है."

मी कागद लावून टायमिंग तपासलं. लॉरीइतकी ओझी वाहून थकलेलं ते इंजिन, त्याला हवं होतं तितकं मागे, नेमकं ठेवलेलं. मी ठेवलं असतं तसंच. पट्टा बदलला आणि जीप जाऊ दिली. अंगात एकदम बळ आल्यासारखं झालं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याच हातचा पुरावा मला मिळाला होता. माझं खरं होतं हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि आता तो रोज, प्रत्येक गाडीत, स्वतःच्या हाताने तसं लिहून देत होता.

घरी गेलो, पानावर बसलो आणि आईला म्हणालो, "आज त्याच्या हातची जीप आली होती. टायमिंग मागे ठेवतो तो. सगळ्या गाड्यांचं. मागेच ठेवतो!"

आईचं तोंड उजळलं. किती दिवसांनी मी त्याचं नाव आपणहून काढलं होतं.

"मंग," ती म्हणाली, "तो तवा तेच तर सांगत होता ना तुला." आणि तिने माझ्या भातावर आमटी वाढली.